दूरवैद्यक सेवा आणि वस्तीतील बालक



बार्शीहून सोलापूर सुमारे ७० किलोमीटर. आजारी मुलाला घेऊन हा प्रवास टळावा, हा दूरवैद्यक सेवेचा एक हेतू. मार्च २०२० मध्ये या सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि एप्रिलपासून ई-संजीवनीद्वारे घरबसल्या विनामूल्य सल्ला मिळू लागला.

शहरात मोबाइलचे जाळे दाट, म्हणून तेथील बालकांचा प्रश्न सुटला, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशाच्या शहरी भागात इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ७२.५ टक्के होते, स्त्रिया ५१.८ टक्के. तापाने फणफणलेले मूल मात्र बहुधा आईच्याच मांडीवर असते. ज्वारी-तुरीच्या या बाजारपेठेत हमाली करणारा बाप घरातला एकुलता एक स्मार्टफोन घेऊन सकाळीच अडतीवर जातो. नोंदणीचा सांकेतिक क्रमांक त्याच फोनवर यायचा. शिवाय अल्पवयीन रुग्णासोबत प्रौढ व्यक्ती असावी, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण आई मजुरीला गेली असता धाकट्याला सांभाळणाऱ्या बारा वर्षांच्या बहिणीने काय करावे?

सल्ला जोडला गेला तरी अडचण उरतेच. दोन महिने ते एक वर्षाच्या बालकाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या बालकाचा ४० किंवा अधिक असल्यास न्यूमोनियाचा संशय धरतात. अडखळत्या चित्रावर हे मोजता येत नाही. अंगरखा वर करून, घड्याळ हाती धरून, छाती आत ओढली जाते का हे पाहणारा माणूस जवळ लागतो.

ई-संजीवनीचा दुसरा मार्ग येथे उपयोगी पडतो. त्यात आरोग्य केंद्रातील कर्मचारी बालकाला तपासतो आणि केंद्राच्याच यंत्रावरून डॉक्टरांशी बोलतो. कुटुंबाकडे फोन असो वा नसो. हीच सोय सायंकाळी, मजुरीहून लोक परतल्यावर, वस्तीतील अंगणवाडीत वा नगरपालिकेच्या शाळेत का नसावी?

बार्शीला हे नवे नाही. १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शी, परांडा व भूम तालुक्यांत सुरू झाली, ती गावोगाव जाऊन विचारपूस करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बळावर. तेव्हा मोबाइल कोणाच्याच खिशात नव्हता. वस्तीतील कोणत्या घरात दिवसा फोन नसतो, एवढी नोंद आशा कार्यकर्तीच्या वहीत या महिन्यापासून होऊ शकेल.