निद्रेतील अपस्मार आणि अभयदान
(व्याख्यानाचा सारांश)



मध्यरात्री सात-आठ वर्षांच्या बालकाच्या ओठाचा एक कोपरा फडफडू लागतो, लाळ गळते, शुद्ध असूनही बोलता येत नाही. दोन-तीन मिनिटांत सारे शांत होते. सकाळी घरात नजर लागल्याची, बाहेरच्या बाधेची कुजबुज सुरू होते. वस्तुतः हा पुष्कळदा ‘रोलँडिक’ नावाचा अपस्मार असतो. तो बहुधा ४ ते १० या वयात सुरू होतो आणि पौगंडावस्थेत बहुतेक मुलांत आपोआप शमतो.

जर्मनीतील जेना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूतील विद्युत्‌लहरींचे पहिले आलेखन केले. तोच आजचा ईईजी. परंतु या विकारातील टोकदार लहरी झोप लागताच वाढतात. म्हणून दिवसा, जागेपणी काढलेला अल्पकाळाचा आलेख निर्दोष येऊ शकतो. एका अंगाने पाहिलेले सत्य अपुरे असते, हा अनेकान्ताचा बोध येथेही खरा ठरतो.

आता डोक्याच्या पट्ट्यात वा कानामागे बसणारी लहान ईईजी यंत्रे निघाली आहेत. बालक आपल्याच अंथरुणात निजते आणि अनेक रात्रींची नोंद होऊ शकते. काही थोड्या मुलांत गाढ निद्रेत या लहरी जवळजवळ अखंड चालतात. झटके विरळ, पण भाषा, स्मरण व अभ्यास मागे पडतो. ‘मूल आळशी झाले’ म्हणून त्यास रागावले जाते. अशा वेळी रात्रीची नोंद मोलाची ठरते.

तथापि या साधनांना मर्यादा आहेत. रुग्णालयातील ईईजीत साधारण २१ ठिकाणी तारा लावतात, यात मोजक्याच. कूस बदलली तरी आलेख बिघडतो. मनगटावरील यंत्रे तर प्रामुख्याने हालचाल व त्वचेतील बदल टिपतात, मेंदूच्या लहरी नव्हेत. निदान तज्ज्ञांनीच करावे. औषध मनाने थांबवू नये.

झटका आल्यास बालकास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत न थांबल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

आहार, औषध, शास्त्र व अभय ही चार दाने श्रावकास सांगितली आहेत. अशा बालकास उपचार मिळवून देणे हे औषधदान. त्याच्या आईच्या मनातील भीती व समाजातील कुजबुज दूर करणे, हे अभयदान होय.

जय जिनेंद्र !