समतेच्या लढ्यातील धुरीण
ज्ञातिबंधू व भगिनींनो, वर्णभेदाविरुद्धचा लढा केवळ अमेरिकेचा नव्हे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केला. सत्यशोधक समाजही त्याच वर्षीचा. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते ड्यू बॉइस यांस पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. आणि आपला मराठवाडा? विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला मात्र, आपल्या जिल्ह्यासह ठिकठिकाणी दलितांची घरे जळाली. नामविस्तारास १९९४ उजाडावे लागले. त्या सोळा वर्षांत आपण काय बोललो, हे ज्याचे त्याने आठवावे. मंडळाच्या परभणीतील वसतिगृहात दलित विद्यार्थ्यांसही खोली व त्याच पंगतीत पान मिळावे, अशी सूचना मी आज मांडीत आहे.