साखळीचे टोक कोणाच्या हाती?

(सुपा, ता. पारनेर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बंदिवानाचे चित्र पाहताना पाहणाऱ्याची दृष्टी स्वाभाविकपणे त्याच्या बेड्यांवर खिळते. खरा प्रश्न मात्र निराळाच असतो. हे चित्र काढविले कोणी, आणि साखळीचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे? कलेच्या इतिहासाला हा प्रश्न विचारला, की तो राज्यसत्तेचा आणि श्रमाचा इतिहास होऊन समोर येतो.

अतिप्राचीन चित्रे जेत्यांनी काढविलेली आहेत. इराणमधील बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारियसने इ. स. पू. ५२० च्या सुमारास एक शिल्प कोरविले. हात पाठीमागे बांधलेले आणि माना एकाच दोराने जखडलेले बंडखोर त्यात राजापुढे रांगेने उभे आहेत आणि आणखी एक जण त्याच्या पायाखाली आहे. इ. स. ७० मध्ये जेरुसलेमचा विध्वंस केल्यावर रोमने नाणी पाडली. त्यांवर ताडाच्या झाडाखाली शोक करीत बसलेली यहुदी स्त्री आहे. पराभूताचे दुःख असे बाजारात हातोहात फिरविले गेले. या चित्रांत बंदिवानाला स्वतःचे असे काही सांगावयाचे नसते. तो जेत्याच्या उंचीचे केवळ माप असतो.

असे एक चित्र नगर जिल्ह्याच्या इतिहासाशी जोडलेले आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि हिंदुस्थानात आणला गेलेला मलिक अंबर हा हबशी पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने जहांगीर बादशहाला दख्खनेत स्वस्थता लाभू दिली नाही. तेव्हा १६१६ च्या सुमारास अबुल हसन या दरबारी चित्रकाराने एक चित्र रंगविले. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून जहांगीर भाल्यावर खोवलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडीत आहे, असे ते दृश्य. प्रत्यक्षात असे काही घडलेच नाही. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला आणि १६२६ मध्ये तो मरण पावला. रणात जे साधले नाही ते बादशहाने कागदावर साधून घेतले. सत्तेचे चित्र वस्तुस्थिती सांगतेच असे नाही, पण सत्तेची इच्छा ते नेमकी सांगते.

दुसऱ्या प्रकारची चित्रे करुणेची आहेत. १७८७ मध्ये इंग्लंडमधील गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी जोसाया वेजवुड या कारखानदाराच्या भट्टीत एक लहानसे पदक तयार झाले. गुडघे टेकून, बेड्या घातलेले हात जोडून याचना करणारा आफ्रिकी माणूस त्यावर होता. या पदकाने लोकमत जागृत केले, हे उपकार मान्य केलेच पाहिजेत. परंतु हे पदक हातातील कड्यांवर आणि केसांच्या पिनांवर मिरविण्याची फॅशनही झाली. शिवाय त्यातील माणूस गुडघ्यांवरच राहिला. मुक्ती ही दयाळू मालकाने द्यावयाची वस्तू आहे, असेच ते चित्र सुचविते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. तथापि त्यांच्या ग्रंथातील शूद्रातिशूद्र याचक नाहीत. आपले दास्य कोणी आणि कसे लादले याची ते चिकित्सा करतात. बेडी ओळखणे हा मुक्तीचा आरंभ होय, हा विचार मराठीत तेथे रुजला.

तिसरे चित्र समाजवादी कार्यकर्त्यांच्या घराघरांत पोचले होते. आणीबाणीत, जून १९७६ मध्ये, मुंबईच्या कामगारांचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना कलकत्त्यात अटक झाली. न्यायालयात नेताना त्यांनी बेडी घातलेला हात उंचावला आणि ते छायाचित्र देशभर गेले. १९७७ च्या निवडणुकीत ते तुरुंगातच होते. प्रचार त्या चित्राने केला आणि मुझफ्फरपूरने त्यांना तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून दिले. सरकारने हातात घातलेली बेडी बंदिवानाने सरकारलाच दाखविली. साखळीचे टोक प्रथमच त्याच्या हाती आले.

यानंतर न्यायालयांनीही पावले उचलली. दंडाबेडी मनमानीपणे घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितले. हातकड्या घालणे हे सकृद्दर्शनीच अमानुष आहे, असा निर्णय १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी दिला. हे कमावलेले आज निसटू पाहत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ ने काही गुन्ह्यांत हातकडीला पुन्हा कायद्याचा आधार दिला. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरविण्यात आले. त्यांच्या हातापायांतील साखळ्यांचे चित्रीकरण त्या देशाच्या सीमादलाने स्वतःच जगाला दाखविले. बेहिस्तूनचा कडा आता मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. आरोपीची धिंड निघते तेव्हा आपल्याकडेही टाळ्या पडतात. टाळी वाजविणारा नकळत साखळीचे टोक धरतो, याचा विसर कार्यकर्त्याला पडता कामा नये.

परंतु सर्वांत कठीण साखळी चित्रात येत नाही. पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड जोडपे मुकादमाकडून उचल घेते आणि एक ‘कोयता’ म्हणून हंगामाला बांधले जाते. उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणाऱ्या कंत्राटी मजुराच्या हातातही लोखंड नसते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा, म्हणजे जॉर्जना बेड्या घालणाऱ्या राजवटीचाच. इतिहासाची ही गुंतागुंत प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. त्याच्याही पुढे जाऊन १९८२ मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीत राबावे लागणे हीसुद्धा सक्तमजुरीच होय. चित्रकारांना जी बेडी रंगविता आली नाही ती अर्थशास्त्राच्या भाषेत येथे प्रथम दिसली.

जेजुरीला खंडोबापुढे वाघ्या लोखंडी लंगर एका हिसक्यात तोडतो. तो तुटतो, कारण तो दिसतो आणि हाती धरता येतो. उचलीची साखळी तशी नाही. ती आधी दिसावयास हवी. प्रत्येक उचलीचा लेखी हिशेब कोयत्याच्या हाती पडणे, फाटकावर किमान वेतनाचा दर मजुरांना वाचता येईल असा लागणे, हजेरी आणि मजुरी यांची पावती मिळणे, ही मागणी वरवर कारकुनी वाटेल. पण ज्या तालुक्याने सेनापती बापटांना जन्म दिला, त्या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी ती हाती घेतली, तर न दिसणाऱ्या साखळीचे ते पहिले खरे चित्र ठरेल. आणि ते चित्र कोणा बादशहाने नव्हे, बांधलेल्या माणसानेच काढलेले असेल.