संघ कोणाच्या आधारावर उभा आहे?

(एकोडी येथील महिला गटांसाठी रेडिओवरून झालेले भाषण)

गटाच्या बैठकीत बसून ऐकणाऱ्या आणि घरी विड्या वळता वळता ऐकणाऱ्या सगळ्याच बायांना माझा नमस्कार.

आज मी फुटबॉलच्या क्लबांबद्दल बोलणार आहे. हा पोरांचा खेळ, यात आपलं काय काम, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. खेळ कसा खेळतात हे मी सांगणार नाही. क्लब कसा चालतो, का बंद पडतो आणि कसा टिकतो, हे सांगणार आहे. गट चालवणाऱ्या बाईला हे लवकर समजेल.

क्लब म्हणजे कायमचा संघ. त्याला मैदान लागतं, शिकवणारा लागतो, चेंडू, बूट, कपडे, प्रवास आणि दुखापतीचं औषधपाणी लागतं. खेळाडू पोटासाठी खेळत असतील तर त्यांचा पगारही लागतो. तिकिटातून आणि बक्षिसातून हा खर्च क्वचितच निघतो. मग उरलेला पैसा कोण घालतं, यावर क्लबचं आयुष्य ठरतं.

आधी पुण्याचं पाहू. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने तिथे पुणे फुटबॉल क्लब सुरू केला. शाळेत जसे वर्ग असतात तशा फुटबॉलमध्ये श्रेणी असतात. चांगलं खेळलं की वरच्या श्रेणीत, वाईट खेळलं की खालच्या. हा क्लब देशाच्या आय-लीग स्पर्धेच्या दुसऱ्या श्रेणीतून २००९ मध्ये वर गेला आणि २०१२-१३ च्या हंगामात देशात दुसरा आला. लहान मुलांना शिकवण्यासाठी त्यांनी अकादमीही काढली. पण २०१४-१५ च्या हंगामानंतर मालकांनी संघ थांबवला.

त्याच शहरात कल्याणी समूहाचा भारत एफसी निघाला. तो एकच हंगाम खेळला, शेवटचा आला आणि बंद झाला. शिवाजियन्स हा पुण्यातला जुना क्लब. एका बांधकाम कंपनीच्या आधाराने तो आय-लीगपर्यंत पोचला, पण कंपनी अडचणीत आली तसा क्लबही थांबला. २०१४ मध्ये सुरू झालेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला. म्हणजे एका शहरातले चार मोठे संघ पाच वर्षांच्या आत गेले.

या मालकांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी खिशातून पैसा घातला म्हणून तर संघ उभे राहिले. पण पैसा एकाच खिशातला होता, आणि तो खिसा बंद झाला तेव्हा खेळाडूंना दुसरं दार शोधावं लागलं. मैदानावर येऊन टाळ्या वाजवणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं, कारण क्लब त्यांचा नव्हताच.

आता कोल्हापूरला चला. तिथे तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. पेठेपेठेत अशा तालमी आहेत आणि त्यांनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी त्यांची नावं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून खेळाचा कारभार पाहते आणि सामने शाहू स्टेडियमवर होतात. यातला कोणताही संघ पुण्याच्या क्लबांइतका श्रीमंत नाही. पण पेठेतला माणूस त्याला ‘आमची तालीम’ म्हणतो, म्हणून कोणी एक देणगीदार सुटला तरी संघ सुटत नाही. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. त्यात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. आणि २०१९ मध्ये एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ देशाच्या महिला लीगमध्ये खेळला.

तिथे सगळं गोड आहे असंही नाही. आपल्या पेठेचा अभिमान कधी कधी भांडणावर जातो आणि समर्थकांच्या हाणामारीने खेळाला गालबोट लागतं. ‘आमचं’ म्हणण्यात जोर असतो, तसा धोकाही असतो. नियम आणि शिस्त नसेल तर दहा हात एकमेकांवरच उठतात.

तिसरी गोष्ट फार लांबची आहे, जपानची. तिथे १९९३ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली. क्लबच्या नावात कंपनीपेक्षा गावाचं नाव असावं, असा तिथला आग्रह. तरी पैसा बराचसा कंपन्यांचाच होता. योकोहामा शहरात फ्लुगल्स नावाचा क्लब होता. १९९८ मध्ये त्याला पैसा देणारी एक कंपनी मागे हटली आणि क्लब शहरातल्याच दुसऱ्या संघात मिसळायचं ठरलं. चाहत्यांनी खूप विरोध केला, उपयोग झाला नाही. १ जानेवारी १९९९ ला फ्लुगल्सने देशातला मानाचा सम्राट चषक जिंकला, आणि तोच त्याचा शेवटचा सामना ठरला.

पण चाहते घरी बसले नाहीत. त्यांनी सभासद जोडले, वर्गणी गोळा केली आणि योकोहामा एफसी हा नवा क्लब काढला. पहिल्या वर्गातून थेट खाली, तिसऱ्या पायरीवर त्यांना सुरुवात करावी लागली. तिथे तो १९९९ आणि २००० अशी दोन्ही वर्षं पहिला आला, २००१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत गेला आणि २००७ चा हंगाम सर्वांत वरच्या श्रेणीत खेळला. त्यानंतर तो वर-खाली होत राहिला, पण क्लब आजही आहे.

त्यातही एक अडचण आली. नुसत्या वर्गणीवर एवढा खर्च भागेना. निर्णय कोणी घ्यायचे यावरून सभासद आणि कारभारी यांच्यात वाद झाले आणि पुढे एका कंपनीने मोठा वाटा घेतला. म्हणजे लोकांनी क्लब जन्माला घातला, पण कारभार हातात ठेवणं त्याहून अवघड गेलं.

बायांनो, आपल्या गटाची पंचसूत्री आठवा: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. मोठमोठ्या क्लबांना जे जमलं नाही, ते आपण दर बैठकीत करतो.

हे मी आपल्या मुलींसाठी सांगते आहे. शाळेत असेपर्यंत पोरी धावतात, खेळतात. दहावी झाली की खेळ सुटतो आणि थोड्याच दिवसांत घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. गावात मुलींचा संघ असेल तर संध्याकाळी एक तास तरी त्यांना घराबाहेर पडायला हक्काचं कारण मिळेल. अकरा जणींचा संघ आणि मोठं मैदान लगेच लागत नाही. पाच-पाच जणी लहान जागेतही खेळतात. धान कापून झाल्यावर एखादी रिकामी बांधी मालकाला विचारून घ्यावी आणि धसकटं काढून साफ करावी. एक चेंडू घ्यावा. रोज एका बाईने तिथे हजर राहावं, म्हणजे आईबापांचा जीव भांड्यात पडेल.

पैशाचं मात्र आधीच ठरवा. गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या रकमेला हात लावू नका. खेळासाठी वेगळी, स्वखुशीची वर्गणी आणि वेगळी वही ठेवा. एखाद्या दुकानदाराने किंवा पुढाऱ्याने कपडे दिले तर आनंदाने घ्या, पण पावती द्या आणि बैठकीत वाचून दाखवा. संघाला नाव गावाचं द्या, देणाऱ्याचं नको. आणि निर्णयाला बसाल तेव्हा खेळणाऱ्या दोन मुलींनाही जवळ बसवा. संघ त्यांचाच आहे.

येत्या बैठकीत सगळे विषय संपले की एवढा एक विषय घ्या. कोणाच्या घरची मुलगी खेळायला तयार आहे, एवढंच आधी विचारा. नमस्कार.