थंडी, शेगडी आणि दीडशे युनिट

(मंडळाच्या मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)



'शब-ए-मालवा' म्हटले की आपल्याला अभिमान वाटतो. पण पौषातली तीच रात्र कवेलूंच्या छपराखाली, एका रजईत तिघांनी काढायची म्हटली की कौतुक सरते. आज त्या रात्रीबद्दल बोलायचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळ घराणी होळकरशाहीपासून या मुलखात आहेत. १८१८ च्या मंदसौर तहानंतर महूला छावणी वसली, तीही आपल्या पूर्वजांनी पाहिली. त्यांच्या घरांत चूल होती, न्हाणीत तांब्याचा बंब होता. चुलीवर स्वयंपाक होई आणि घरही तापे. पुढे गॅस आला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून तो गरीब घरांतही पोचला. धूर गेला, बायकांचे डोळे वाचले, हे फार चांगले झाले. पण चुलीबरोबर तिची ऊबही गेली, हे हिशेबात धरायचे राहिले. सिलिंडर पुरवून पुरवून वापरणारी बाई त्यावर खोली तापवणार नाही.

मग उरतो विजेचा हीटर. त्याचा हिशेब पाहा. आपल्या राज्यात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या घराला पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये पडतात. आता १००० वॅटचा साधा हीटर रात्री तीन तास लावला, तर रोजचे ३ युनिट, महिन्याचे ९०. दिवे, टीव्ही, फ्रिज मिळून ज्या घरात ७० युनिट लागतात, तिथे बेरीज होते १६०. वरच्या १० युनिटांपायी त्या महिन्याची सवलतच हातची जाते.

म्हणून गरीब माणूस कोळशाची शेगडी आत घेतो आणि दार लावतो. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस सकाळी उठतच नाही. शेगडीशेजारी पाण्याचे भांडे ठेवले की धोका टळतो, हा समज खोटा आहे.

इंग्लंडात या अडचणीला नाव आहे. ब्रेंडा बोर्डमन यांच्या १९९१ च्या पुस्तकाने 'इंधन-दारिद्र्य' ही कल्पना तिथे रुजवली. घर पुरेसे उबदार ठेवायला ज्याच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा किंवा अधिक लागतो, तो इंधनाचा गरीब, अशी त्यांची व्याख्या. २००० साली तिथे त्यावर कायदाही झाला. आपल्याकडे अन्नाचा, घराचा गरीब मोजतात; उबेचा गरीब कुणी मोजत नाही.

माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, सवलतीची मर्यादा राज्य सरकार ठरवते. तेव्हा डिसेंबर आणि जानेवारीपुरती ती १५० वरून २०० युनिट करावी, असे निवेदन मंडळाने आमदारांना आणि ऊर्जा खात्याला द्यावे. वीजदर ठरवण्यापूर्वी नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवतो. तिथेही आपले पत्र गेले पाहिजे.

दुसरी सूचना घरगुती आहे. रबरी पिशवीतले दोन लिटर पाणी तापवायला साधारण ०.१ युनिट लागते, आणि रजईत ती पिशवी बराच वेळ ऊब देते. प्रत्येक कुटुंबाने आपल्या गल्लीतल्या एका एकट्या वृद्धाला अशी पिशवी द्यावी. कवेलूंखाली जाड कापडाचे छत बांधायला, खिडक्यांच्या फटी बुजवायला हातभार लावावा. मात्र शेगडी पेटत असेल, तिथे एकही फट बुजवू नये. निखारे विझवूनच झोपावे, हे घरोघरी जाऊन सांगावे.

निवेदनाचा मसुदा तयार आहे. सभा संपल्यावर सह्या करूनच घरी जावे, ही विनंती.