जठरातील वैश्वानर

भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. भट्टीत कोक कितीही भरला, तरी खालून तप्त हवेचा झोत मिळाल्यावाचून लोखंड वितळत नाही. अग्नीला वायूची जोड लागते, हे येथील कामगाराला सांगावे लागत नाही.

देहाविषयी आपल्या पूर्वसूरींची धारणा अशीच होती. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की, मीच वैश्वानर होऊन, प्राण व अपान यांच्या योगे प्राणिमात्राचे अन्न पचवितो. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीच्या वर्णनातही उष्णता आणि वायू यांचेच साहचर्य आहे.

परंतु हा अग्नी केवळ योग्याचा नव्हे. छांदोग्य उपनिषदात राजा अश्वपती कैकेय सांगतो की, भोजनाचे पहिले घास म्हणजे प्राण, व्यान, अपान, समान व उदान यांना दिलेल्या आहुती होत. हे जाणणाऱ्याने आपले उरलेले अन्न चांडाळाला दिले, तरी ते वैश्वानरातच हवन होते, असेही तेथे म्हटले आहे. ज्याला समाजाने अस्पृश्य मानले, त्याच्याही उदरात तोच अग्नी आहे, हा याचा अर्थ. तो अर्थ आपण शतकानुशतके विसरलो.

झोतभट्टी थंड झाली, तर आत गोठलेले लोखंड फोडून काढावे लागते. माणसाच्या जठरातील मंदावलेला अग्नी मात्र घासभर अन्नाने पुन्हा जागतो. भुकेल्याला दारातून परतवून जो अंतरीचा अग्नी चेतवू पाहतो, त्याची आहुती राखेतच पडते.