सॅक्सोफोन आणि प्रभुमंदिर



या महोत्सवाच्या मिस्सेसाठी वाद्ये कोणती असावीत असा प्रश्न निघाला, तेव्हा सॅक्सोफोनवरून आपल्यात थोडा वाद झाला. ते वरातीचे व नाचघराचे वाद्य, त्याचा आल्ताराशी काय संबंध, असे कित्येकांचे म्हणणे पडले. एके काळी आम्हीही तेच म्हणत होतो. वरातीच्या बँडात वाजविणाऱ्या एका मुलास आम्ही गायनवृंदातून परत पाठविले, तो पुन्हा आला नाही. म्हणून या वाद्याविषयी चार शब्द बोलणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

हे वाद्य बेल्जियमच्या अडोल्फ साक्स यांनी घडविले व १८४६ साली त्याचे हक्क नोंदविले. अंग पितळेचे असले तरी स्वर उमटतो तो बोरूच्या पातळ पट्टीच्या कंपनाने. सनईशी त्याचे हे नातेच म्हणावयाचे.

पुढे अमेरिकेत, गुलामगिरी भोगलेल्या लोकांच्या वंशजांनी जॅझ संगीत निर्माण केले व हे वाद्य त्याचा जणू कंठ झाले. आपल्या देशी त्याची मशाल प्रामुख्याने गोमंतकीय ख्रिस्ती वादकांनी वाहिली. चर्चच्या शाळांत मुलांस स्वरलिपी व व्हायोलिन शिकविण्याची गोव्यात जुनी रीत होती. त्या शिदोरीवर कित्येक वादक मुंबई-कलकत्त्यास गेले. सॅक्सोफोनवादक मिकी कोरिया यांनी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३९ पासून सुमारे दोन दशके वाद्यवृंद चालविला.

त्यांच्या पुढच्या पिढीत तिसवाडीतील नेवरा गावचे ब्राझ गोन्साल्विस झाले. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर लुई बँक्स व गायिका पॅम क्रेन यांच्या संगतीत त्यांचे वादन गाजले. परक्यांची नक्कल करून ते थांबले नाहीत. जॅझचा वादक स्वरसंगतींच्या ठरलेल्या क्रमावर आयत्या वेळी नवे स्वर रचतो. आपला गवई रागाच्या आरोह-अवरोहात तेच करतो. हे साम्य ओळखून त्यांनी सॅक्सोफोनवर राग आणला. १९७० सालची त्यांची ‘राग रॉक’ ही ध्वनिमुद्रिका त्याची साक्ष आहे. १९७८ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवातही ते वाजले. भारतीय वादकाने स्वतःच्या मातीतूनच बोलावे, हा धडा त्यांनी मागच्यांस दिला.

आता ख्रिस्तसभेचे म्हणणे पाहू. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी उपासनेतील वाद्यांवर कडक मर्यादा घातल्या. त्या काळच्या नाटकी संगीतास आळा घालणे अवश्य होते. तथापि १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले, की अधिकाऱ्यांच्या संमतीने इतर वाद्येही घेता येतील. मात्र ती पवित्र कार्यास योग्य असावीत वा होऊ शकावीत, मंदिराच्या प्रतिष्ठेस साजावीत व भाविकांची उन्नती करावीत. ‘होऊ शकावीत’ हे शब्द आम्ही त्या दिवशी विसरलो होतो. पितळेस पाप लागत नाही. कशासाठी फुंकावे, हे फुंकणाराच ठरवितो.

तेव्हा आमची विनंती एवढीच. रात्री वरातीत वाजवून सकाळी मिस्सेस येणाऱ्या मुलास कोणी हिणवू नये. त्याने स्वरलिपी शिकावी, सरावास वेळेवर यावे, मिस्सेत संयमाने वाजवावे. संमती मिळविण्याचे काम आमचे. आणि ज्यास आम्ही परत पाठविले, त्यास कोणी ओळखत असाल तर आमचा निरोप सांगा: फादर चुकले, ये, आणि वाद्य घेऊन ये.